भिक्षू आनंद

मल्लांच्या देशात अनुप्रिय नावाचे एक गाव होते. बुद्ध भगवान तेथे मुक्कामास असताना सहा शाक्य कुमार घरदार सोडून त्यांच्याकडे आले. त्यांच्यासमवेत उपाली नावाचा त्यांचा न्हावीही होता. वाटेत कुमारांनी अंगावरील दागिने उतरवून उपालीच्या स्वाधीन केले व त्यास परत फिरण्यास सांगितले होते. परंतु दागिन्यांचे गाठोडे एका झाडास टांगून तोही त्यांच्या मागोमाग आला. तेव्हा कुमारांनी भगवंतांस अशी विनंती केली, की उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी. तसे झाल्यास तो संघात त्यांच्याहून ज्येष्ठ ठरणार होता, त्याला पाहून उठून उभे राहणे व वंदन करणे त्यांस भाग पडणार होते, आणि शाक्य कुळाचा त्यांचा अभिमान आपोआप गळून पडणार होता. भगवंतांनी ती विनंती मान्य केली. या सहा कुमारांपैकी एक आनंद होय.

आनंद हा बुद्धांचा चुलतभाऊ. शुद्धोदनाचा भाऊ अमितोदन याचा तो पुत्र, असे पाली परंपरा सांगते. त्याचा काळ निश्चित वर्षांत सांगणे कठीण आहे. बुद्धांचे महापरिनिर्वाण परंपरेने इ. स. पूर्व ५४४ मध्ये मानले जाते. अनेक इतिहासकार ते ४८३ च्या सुमारास, तर काही त्याहूनही पुढे नेतात. आनंदाचे आयुष्य मात्र त्या काळाच्या अलीकडे व पलीकडे दोन्ही बाजूंस पसरलेले होते.

संघात आल्यावर पहिल्याच काही दिवसांत पुण्ण मैत्रायणीपुत्र नावाच्या भिक्षूने त्याला एक साधी गोष्ट समजावून दिली. तरुण मनुष्य आरशात आपले मुख पाहतो, ते आरशाच्या आधारानेच त्याला दिसते. त्याचप्रमाणे ‘मी’ ही भावनादेखील कशाच्या तरी आधारानेच उत्पन्न होते. आनंदाच्या मनावर या दृष्टांताचा खोल परिणाम झाला आणि मुक्तीच्या मार्गावरील पहिली पायरी त्याने ओलांडली. पुढच्या पायऱ्या ओलांडण्यास मात्र त्याला फार वर्षे लागली.

धर्मोपदेशास प्रारंभ केल्यानंतर सुमारे वीस वर्षे बुद्धांजवळ कायमचा उपस्थायक, म्हणजे सेवक, नव्हता. निरनिराळे भिक्षू आळीपाळीने ते काम करीत, परंतु ते सर्वच भरवशाचे होते असे नाही. नागसमाल नावाच्या भिक्षूने, दोन वाटा फुटल्या त्या ठिकाणी कोणत्या वाटेने जावे यावरून भगवंतांचे न ऐकता त्यांचे पात्र व चीवर भुईवर ठेवले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. पुढे चोरांनी त्यालाच गाठून मारहाण केली. मेघिय नावाच्या भिक्षूला नदीकाठची एक रम्य आमराई दिसली. तेथे एकटे बसून ध्यान करावे असे त्याच्या मनात आले. दुसरा कोणी येईपर्यंत थांब, असे भगवंतांनी सांगूनही तो थांबला नाही. आमराईत बसताच त्याच्या मनात शांती येण्याऐवजी नाना तऱ्हेच्या दुष्ट विचारांनी गर्दी केली. तो लज्जित होऊन परतला, तेव्हा भगवंतांनी त्याला समजावले, की मन अद्याप परिपक्व नसेल तर त्याला परिपक्व करणाऱ्या गोष्टींमध्ये सर्वांत पहिली म्हणजे चांगल्या मित्रांची संगत होय.

भगवंतांचे वय पंचावन्नच्या सुमारास आले, तेव्हा त्यांनी संघासमोर कायमच्या उपस्थायकाची गोष्ट काढली. सारिपुत्तासारखे थोर शिष्यही पुढे झाले. आनंद तेवढा स्वस्थ बसून राहिला. विचारल्यावर त्याने सेवा पत्करली, पण आठ अटी घातल्या. भगवंतांस मिळालेले वस्त्र अथवा अन्न आपणास देऊ नये, त्यांच्या गंधकुटीत आपणास राहावयास सांगू नये, आणि त्यांच्या व्यक्तिगत निमंत्रणास आपणास बरोबर नेऊ नये, या पहिल्या चार. आपण स्वीकारलेल्या निमंत्रणास भगवंतांनी यावे, दूरवरून आलेल्या माणसास आपण तत्काळ त्यांच्यापाशी नेऊ द्यावे, शंका येईल तेव्हा विचारू द्यावे, आणि आपल्या पश्चात दिलेला उपदेश आपणास पुन्हा सांगावा, या दुसऱ्या चार. पहिल्या चार अटींनी लाभाचा संशय दूर ठेवला, तर दुसऱ्या चारांनी लोक आणि भगवंत यांमधील वाट मोकळी ठेवली. राजदरबारी वाढलेल्या तरुणाने स्वतःसाठी काहीच न मागता इतके मागावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

त्यानंतर पंचवीस वर्षे आनंद छायेसारखा भगवंतांबरोबर राहिला. पहाटे दातवण व पाणी द्यावे, पाय धुवावे, गंधकुटी झाडावी, चीवर दुरुस्त करावे, आलेल्या माणसांची व्यवस्था लावावी, हे त्याचे रोजचे काम. रात्री तो हाती काठी व दिवटी घेऊन कुटीभोवती नऊ फेऱ्या घालीत असे, असे अट्ठकथेत म्हणजे जुन्या टीकाग्रंथांत सांगितले आहे. हाक आली असता आपण झोपेत असू नये, एवढीच त्याची काळजी.

या लहानसहान कामांकडे त्या काळच्या संघात वेगळ्या दृष्टीने पाहिले जाई. कुरूंच्या देशात कम्मासदम्म नावाच्या गावी बुद्धांनी स्मृतीच्या चार उपस्थानांचा उपदेश केला होता. शरीर, सुखदुःखाच्या वेदना, चित्त आणि मनात येणारे धर्म या चारही ठिकाणी माणसाने जागृत राहावे, असे त्याचे सार आहे. येताना, जाताना, वाकताना, जेवताना, पाणी पिताना, बोलताना आणि मौन धरतानाही आपण काय करीत आहो याचे भान असावे, हा त्यातील विशेष. त्याकरिता वेगळा देश नको की वेगळा वेष नको. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील टीकाकार बुद्धघोष सांगतो, की त्या कुरुदेशात दास व मजूरदेखील पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी याच विषयावर बोलत असत. कोणी स्त्री स्मृतीचा कोणताही अभ्यास करीत नाही असे म्हणाली, तर शेजारणी तिला समज देत आणि आपण करीत असलेला अभ्यास तिलाही शिकवीत.

पाली भाषेतील ‘सति’ म्हणजेच स्मृती. या शब्दाचे दोन अर्थ आहेत. ऐकलेले आठवणे ही एक स्मृती आणि या क्षणी सावध असणे ही दुसरी. आनंदाला भगवंतांनी पाच गुणांत शिष्यांमध्ये अग्रगण्य म्हटले होते. तो बहुश्रुत होता, स्मृतिमान होता, त्याची आकलनशक्ती तीव्र होती, धैर्य मोठे होते आणि सेवेत त्याला तोड नव्हती. ऐकलेला उपदेश त्याच्या मनातून कधी पुसला जात नसे. बुद्धांकडून ८२,००० आणि अन्य भिक्षूंकडून २,००० उपदेश त्याने धारण केले होते, असे परंपरा मोजून सांगते. परंतु दुसऱ्या अर्थाची स्मृती पूर्ण होऊन मुक्ती मिळणे त्याच्या बाबतीत लांबतच राहिले. त्याच्या मागून आलेले कित्येक भिक्षू अर्हत् झाले, आनंद मात्र अद्याप शिकणाराच होता.

त्याच्या सावधपणाचा उपयोग तोवर इतरांना होत होता. एकदा भगवंत आनंदासह भिक्षूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत होते. एका खोलीत अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात लोळत पडलेला आढळला. तो इतरांच्या उपयोगी पडत नसल्यामुळे त्याची शुश्रूषा करण्यास कोणी आले नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. भगवंतांनी पाणी ओतले आणि आनंदाने त्या भिक्षूचे अंग धुतले. मग एकाने मस्तकाकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. नंतर संघाला बोलावून भगवंतांनी बजावले, की घर सोडून आलेल्यांना येथे आई नाही, बाप नाही. त्यांनीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर दुसरे कोण करणार? ज्याला बुद्धांची सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा नियमच त्या दिवसापासून झाला.

मगध देशातून दक्षिणगिरीकडे जाताना भगवंतांनी आनंदाला भोवतालची भातशेते दाखविली. बांधांनी आखलेले ते लहानमोठे तुकडे पाहून, भिक्षूंचे चीवर याच धर्तीचे करता येईल काय, असे त्यांनी विचारले. आनंदाने तुकडे कापून, मध्ये बांधासारख्या पट्ट्या घालून चीवरे शिवून दाखविली. भिक्षूंच्या चीवरावरील ती शेताची आकृती आजही जशीच्या तशी आहे.

श्रावस्तीत एकदा तहान लागली असता आनंदाने विहिरीवर पाणी भरणाऱ्या एका तरुणीजवळ पाणी मागितले. ती मातंग कुळातील होती व तिने ते सांगितलेही. आनंदाने उत्तर दिले, की त्याने पाणी मागितले आहे, कूळ विचारलेले नाही. ही कथा संस्कृत दिव्यावदानात आली आहे. पुढे ती तरुणी भिक्षुणी झाली.

शाक्यांच्या एका गावी बसले असता आनंदाने भगवंतांजवळ असा विचार मांडला, की सन्मित्रांची संगत म्हणजे या पवित्र जीवनाचा अर्धा भागच होय. भगवंतांनी त्याला तेथेच थांबविले. अर्धा नव्हे, संपूर्ण जीवनच ते होय, अशी त्यांनी दुरुस्ती केली. हे केवळ बोलणे नव्हते. कौशांबीच्या विहारात भिक्षूंमध्ये क्षुल्लक कारणावरून भांडण पेटले आणि समजूत घालूनही ते शमेना, तेव्हा भगवंत एकटेच तेथून निघून गेले होते. संगत बिघडली म्हणजे काय होते ते सर्वांनी पाहिले होते. त्याच प्रवासात भगवंतांना आनंदाबरोबर प्रव्रजित झालेले अनुरुद्ध व किंबिल आणि त्यांचा सोबती नंदिय हे तिघे एका वनात राहत असलेले भेटले. त्यांच्यापैकी भिक्षा मागून जो प्रथम परते तो आसने मांडी व पिण्याचे पाणी भरून ठेवी; शेवटी येणारा उरलेले अन्न आवरी, भांडी ठेवी, जागा झाडी. कोणाला रिकामा घडा दिसला तर तो भरून ठेवी. घडा एकट्याला जड झाला तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावून दोघे मिळून उचलीत, पण त्यासाठी मौन मोडीत नसत. दर पाचव्या रात्री मात्र तिघे एकत्र बसून रात्रभर धर्मचर्चा करीत. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते राहत होते.

आनंदाचे सर्वांत धाडसाचे कार्य स्त्रियांसंबंधी आहे. भगवंतांना लहानाचे मोठे करणारी महाप्रजापती गौतमी हिने संघात प्रवेश मागितला होता व भगवंतांनी तो तीन वेळा नाकारला होता. तिने केस कापले, काषाय वस्त्रे धारण केली आणि इतर शाक्य स्त्रियांसह ती पायी वैशालीस आली. सुजलेल्या पायांनी, धुळीने माखलेल्या अंगाने ती विहाराच्या दाराबाहेर रडत उभी असलेली आनंदाने पाहिली. त्याने आत जाऊन तिची बाजू मांडली. नकार मिळाल्यावर त्याने प्रश्न फिरवून विचारला, की स्त्री घर सोडून या मार्गाने चालली तर तिला मुक्ती मिळू शकते की नाही? मिळू शकते, असे भगवंतांनी मान्य केल्यावर नकाराला फारशी जागा उरली नाही. आठ कडक नियम घालून भिक्षुणीसंघाची स्थापना झाली. ते नियम भिक्षुणींना भिक्षूंच्या खाली ठेवणारे होते, हे खरे. तथापि दार उघडले ते आनंदामुळेच.

भगवंत ऐंशी वर्षांचे झाले. वैशालीजवळच्या बेलुव गावी वर्षावासात त्यांना मोठे दुखणे आले, तेव्हा आनंदाला दिशा सुचेनाशी झाली. पुढे कुशीनारा येथे दोन शालवृक्षांच्या मध्ये भगवंतांनी शेवटचे अंथरूण घातले. आनंद विहारात जाऊन दाराच्या लाकडाला टेकून रडू लागला. आपण अद्याप शिकणारे आणि आपले गुरू तर निघाले, हे त्याचे दुःख होते. भगवंतांनी त्याला बोलावून घेतले, त्याच्या दीर्घ व निर्मळ सेवेची सर्वांसमक्ष प्रशंसा केली आणि नेटाने प्रयत्न केल्यास तोही लवकरच मुक्त होईल, असा धीर दिला. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात त्या महानिर्वाणाची भव्य मूर्ती कोरलेली आहे; तिच्या खाली शोकाकुल शिष्यांची रांग आहे.

यानंतर आनंद श्रावस्तीस परतला. रिकाम्या गंधकुटीचे दार उघडून त्याने सुकलेली फुले बाहेर काढली, झाडलोट केली, मंचक व आसन जागच्या जागी ठेवले. स्नानाची वेळ झाली, उपदेशाची वेळ झाली, असे तो जुन्या सवयीने तेथे बोलत असे. भेटावयास येणाऱ्यांचे सांत्वन करण्यात त्याचे दिवस जात. वनदेवतेने त्याला या गुंत्यातून बाहेर पडून ध्यानास लागण्याची आठवण दिली, अशी एक कथा आहे. महाकाश्यपाने तर त्याला पोर म्हणून हिणविले. कारण त्याच्याबरोबर फिरणारे तीस तरुण भिक्षू संघ सोडून गेले होते. आपले केस पांढरे झाले आहेत, एवढेच आनंदाने नम्रपणे दाखवून दिले.

महापरिनिर्वाणानंतर बुद्धांचे उपदेश गोळा करून निश्चित करण्याकरिता राजगृह येथे पाचशे अर्हतांची संगीती भरविण्याचे ठरले. महाकाश्यपाने चारशे नव्व्याण्णव निवडले. आनंद अर्हत् नव्हता. परंतु सर्व उपदेश ज्याच्या मुखी, त्याच्यावाचून संगीती कशी होणार? भिक्षूंनीच आग्रह धरून त्याची निवड करविली. शिकणाऱ्याने त्या सभेत बसणे योग्य नव्हे, असे आनंदाला स्वतःलाच वाटले. आदल्या रात्री तो शरीरावर स्मृती ठेवून येरझारा घालीत राहिला. रात्र सरत आली तरी काही साधले नाही. आपण अतिरेकी खटपट करीत आहो, हे तेव्हा त्याच्या ध्यानी आले. थोडे विसावावे म्हणून तो मंचकावर कलला. पाय जमिनीवरून उचलले गेले होते, मस्तक उशीला टेकले नव्हते. तेवढ्या अवकाशात त्याचे चित्त मुक्त झाले. ना चालताना, ना उभे असता, ना बसून, ना निजून, अशी मुक्ती परंपरेत एकट्या आनंदाच्याच नावावर आहे.

संगीतीत उपाली या जुन्या न्हाव्याने विनयाचे नियम सांगितले आणि आनंदाने धर्मोपदेश सांगितले. प्रत्येक सूत्राच्या आरंभी ते आपण ऐकलेले आहे असे सांगणारा जो निवेदक येतो, तो आनंदच होय, असे बौद्ध जग मानते. पण त्याच सभेच्या अखेरीस थेरांनी त्याच्यावर दोष ठेवले. कोणते किरकोळ नियम रद्द करता येतील ते त्याने भगवंतांस विचारून ठेवले नाही. चीवर शिवताना त्यावर पाय ठेवला. भगवंतांच्या देहाचे प्रथम दर्शन स्त्रियांना घेऊ दिले. भगवंतांस आणखी काळ राहण्याची विनंती केली नाही. आणि स्त्रियांच्या प्रवेशासाठी खटपट केली. आनंदाने प्रत्येक गोष्टीचे कारण सांगितले. गौतमीने भगवंतांना आईच्या मागे आपले दूध पाजले होते, याचेही त्याने स्मरण करून दिले. आपणास यात दोष दिसत नाही. तथापि वडील भिक्षूंवरील श्रद्धेमुळे दोष कबूल करतो, असे तो शेवटी म्हणाला. स्वतःचे मत सोडले नाही आणि संघही फुटू दिला नाही. थेरांपेक्षा आरोपीच या सभेत मोठा दिसतो.

संगीतीने त्याच्यावर एक अवघड कामही सोपविले. बुद्धांचा जुना सारथी छन्न हा संघात येऊनही उद्दाम राहिला होता. त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याला उपदेशही करू नये, ही शिक्षा सांगण्यास आनंद कौशांबीस गेला. ती ऐकताच छन्न मूर्च्छित पडला. नंतर एकांतात राहून त्याने स्वतःला सुधारले आणि तो अर्हत् झाला. याच फेरीत उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाचा उपदेश ऐकून त्याला पाचशे वस्त्रे दिली. एवढ्या वस्त्रांचा भिक्षू व्यापार मांडणार की काय, असा राजाला संशय आला. आनंदाने त्याला हिशेब सांगितला. ही वस्त्रे ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांस मिळतील. त्या जीर्ण चीवरांची पांघरुणे होतील, जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरील बैठक, बैठकीची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी होतील, आणि फडकी विरली म्हणजे ती कुटून चिखलात मिसळून भिंती व जमीन लिंपण्यास वापरली जातील. राजाने संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आनंद एकशे वीस वर्षे जगला, असे परंपरा सांगते. अंत जवळ आला तेव्हा तो रोहिणी नदीपाशी होता. एका तीरावर शाक्य, दुसऱ्या तीरावर कोलिय. दोन्हीकडे त्याचे आप्त. याच नदीच्या पाण्यासाठी त्यांनी पूर्वी शस्त्रे उपसली होती. आपल्या अस्थींवरून पुन्हा तंटा होऊ नये म्हणून त्याने नदीच्या मध्यावर देह ठेवला आणि अस्थी दोन्ही तीरांना वाटल्या गेल्या, अशी कथा आहे. इ. स. ३९९ मध्ये चीनमधून निघालेला यात्रेकरू फाहियान हीच कथा गंगेच्या प्रवाहावर सांगतो. मथुरेच्या परिसराचे वर्णन करताना त्याने आणखी एक गोष्ट नोंदविली आहे. तेथे निरनिराळे साधक आपापल्या आवडत्या शिष्याच्या स्तूपाची पूजा करीत; भिक्षुणी मात्र आनंदाच्या स्तूपाला फुले वाहत.